रिकाम्या वर्गाची हजेरी

तोंडी परीक्षा तिसऱ्या मजल्यावर होती आणि मी तळमजल्याला पहिला धरून मजले मोजले. चूक एवढीच.

त्या वर्षी आमच्या औषधशास्त्राच्या कॉलेजने तोंडी परीक्षेसाठी बाहेरची जागा घेतली होती. खाली लॉन्ड्री, जिन्यात गरम इस्त्रीचा वास, आणि वर एकसारखी दारं. एका दारावर मी टकटक केली. गळ्यात मोठे हेडफोन अडकवलेल्या एका बाईंनी दार उघडलं.

"किती उशीर? चला, आत बसा."

मला धक्काच बसला. बालवाडीपासून आजवर मी कुठेही उशिरा गेले नव्हते. शंभर टक्के हजेरीची सात प्रमाणपत्रं आईने कपाटात जपून ठेवली होती. पण परीक्षक म्हणतायत म्हणजे झाला असेल उशीर. मी मुकाट्याने आत गेले.

खोली इवलीशी. भिंतींना जाड फोम, समोर मायक्रोफोन, पलीकडे काच. काचेमागे कानावर पेन्सिल खोचलेला एक तरुण. मला वाटलं, यंदा परीक्षा रेकॉर्ड करणार असतील. माझ्या हातात एक कागद आला.

"वाचा," बाई म्हणाल्या.

कागदावर औषधांचं नाव नव्हतं. पण अभ्यासक्रमाबाहेरचं आलं तरी वाद घालायचा नसतो. मी वाचलं.

"क्रमांक एक... कुणी नाही. क्रमांक दोन... कुणी नाही. ठीक आहे. बाई येईपर्यंत सगळ्यांनी शांत बसा."

काचेमागच्या तरुणाने मान वर केली. स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "ही मुलगी कोण असेल असं वाटतं तुम्हाला?"

"वर्गप्रमुख असावी, सर. तिला कुणीतरी सांगून गेलंय, मी येईपर्यंत जागा सोडू नकोस. आणि सांगणारं माणूस... विसरून गेलंय."

मी घड्याळाकडे पाहिलं. "सर, औषधांवरचे प्रश्न कधी विचारणार?"

त्याच्या कानावरची पेन्सिल पडली.

मग जो काही गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढले, वर माझाच नंबर पुकारला जात होता. परीक्षा बरी गेली. खाली उतरताना पाहिलं तर तो पेन्सिलवाला जिन्यातच उभा होता.

"कशी झाली परीक्षा?"

"बरी झाली. सर, मघाशी चूक झाली, माफ करा."

"मी सर नाही. इथे सगळे मला गोष्टवाला म्हणतात. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो, मी त्यांच्या गोष्टी लिहितो." तो जरा थांबला. "मंगळवारी येशील?"

"हो."

"कशाला, ते नाही विचारलंस."

"...कशाला?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटत असे, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. उगाच. तोंडी परीक्षेला हे कुणी विचारणार नव्हतं.

*

अशी मी एका गेमची नायिका झाले.

म्हणजे तिचा आवाज झाले. ज्या नटीची ते वाट पाहत होते, ती आलीच नव्हती. साउंडवाली ताई, म्हणजे पहिल्या दिवशी मला दार उघडणारी ती हेडफोनवाली, म्हणाली, तिचं न येणंच पथ्यावर पडलं. मी घरी सांगितलं, आठवड्यातून दोन दुपारी आवाजाचं काम आहे, अभ्यासाच्या आड येणार नाही. बाबांनी मान डोलावली. बाबांचं औषधांचं दुकान होतं, आणि परीक्षा संपल्यावर मी तिथे उभं राहायचं हे कधी ठरलं ते कुणालाच आठवत नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते ठरलेलं होतं. नव्या पाटीवर माझं नावही येणार होतं.

गेमची गोष्ट साधी होती. नदीकाठी एक शाळा असते. धरणाचं पाणी चढू लागतं, गाव हलतं, मुलं जातात. वर्गप्रमुख मुलीला बाई सांगून जातात, मी परत येईपर्यंत वर्ग सांभाळ. बाई काही येत नाहीत. ती रोज सकाळी रिकाम्या वर्गाची हजेरी घेते, फळा पुसते, बाकं ओळीत लावते. खेळणाऱ्याने तिला एकेका खोलीतून न्यायचं, तिथे राहिलेल्या वस्तू दाखवायच्या, आणि हळूहळू तिला एवढं मोठं करायचं की ती स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडेल.

गोष्टवाल्याने मला पहिल्यांदा तो खेळ पडद्यावर दाखवला तेव्हा मी हादरले. ती मुलगी कोपरं अंगाशी घट्ट धरून चालायची. कुणी काही म्हटलं की आधी "हो" म्हणायची आणि मग ऐकायची. आणि तिच्या तोंडून माझा आवाज येत होता.

"ही अशी का चालते?" मी विचारलं.

"आमच्या चित्रकाराने काढलीय. तू यायच्या कितीतरी आधी," तो म्हणाला. "मीही तुला पाहून चाट पडलो होतो."

रेकॉर्डिंगच्या खोलीच्या खिडकीवर पत्र्याचं छप्पर होतं. पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजायचा की काम बंद. ताई म्हणायची, "घ्या, सुट्टी," आणि फोनवर बोलायला बाहेर जायची. आम्ही दोघं पाऊस थांबायची वाट बघत बसायचो. म्हणजे सुरुवातीला बघायचो. नंतर नंतर... थांबला तरी आमच्या लक्षात यायचं नाही.

"तुम्हाला हे गोष्टी लिहायचं कसं सुचलं?"

"आधी हे अहो-जाहो बंद कर. मी काय तुझ्या कॉलेजचा प्राचार्य आहे?"

"बरं. तुला कसं सुचलं?"

"इतक्या पटकन? थोडे आढेवेढे तरी घ्यायचे."

"तू सांगितलंस म्हणून."

"मी सांगितलं, खिडकीतून उडी मार, तर?"

मी खिडकीकडे पाहिलं. खाली लॉन्ड्रीच्या चादरी भिजत होत्या. "दुसराच मजला आहे," मी म्हटलं. तो इतका हसला की ताई दारात येऊन बघून गेली. मला मात्र कळेना, मी विनोद केला होता की खरंच विचार केला होता.

तो मला 'परीक्षा' म्हणायला लागला. आली का परीक्षा, परीक्षेला चहा द्या, आज परीक्षेचा घसा बसलाय. घरी मला कुणी टोपणनावाने हाक मारत नसे. पहिल्या दिवशी कान तापले. दुसऱ्या आठवड्यात मी जिना चढताना त्या हाकेची वाट बघत होते.

*

अडलं ते शेवटाकडे.

तिथे एक वाक्य होतं. गावात अजून मागे राहिलेले पंच त्या मुलीला सांगतात, थांब अजून थोडी. ती म्हणते, "नाही. आता मी थांबणार नाही."

पहिल्यांदा बोलले. ताईने मान हलवली. "प्रश्न विचारल्यासारखं येतंय."

दुसऱ्यांदा माफी मागितल्यासारखं आलं. सातव्या वेळी रडल्यासारखं. अकराव्या वेळी तर "नाही" म्हणताना माझी मान 'हो'सारखी हलली. ताईने हेडफोन काढले. "एक सांग. तू शेवटचं नाही कुणाला म्हणालीस? तसं म्हण."

मी आठवायला लागले. आईला... नाही. बाबांना, शक्यच नाही. मैत्रिणींना नोट्स द्यायला, शेजारच्या काकूंची औषधं पोचवायला, कॉलेजच्या समारंभात खुर्च्या मांडायला... मी आठवतच राहिले. ताई वाट बघत होती. काचेपलीकडून तोही. बावीस वर्षांत एकसुद्धा सापडेना.

तेवढ्यात पाऊस आला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पत्र्याचे आभार मानले.

ताई बाहेर गेली. तो काचेपलीकडून माझ्या खोलीत आला, जमिनीवर बसला, भिंतीच्या फोमला बोटाने भोकं पाडत राहिला. पावसाच्या आवाजात त्याला जवळजवळ ओरडून बोलावं लागत होतं, आणि जे सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

"मला तू... आवडतेस."

"काय?"

"आवडतेस म्हटलं. गेमसाठी नाही. मला. तुलाही तसं वाटत असेल तर... तर आपण..."

"हो," मी म्हणाले.

खरंच मनापासून म्हणाले. वाटलं, आता तो हसेल, तो एक डोळा जास्त मिटेल. पण त्याचा चेहरा उतरला.

"बघ, हेच," तो म्हणाला. "मला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाहीस. मागच्या मंगळवारी मी चहा केला होता, आठवतो?"

"हो."

"त्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी माझा कप ओतून दिला. तू सगळा प्यायलीस. चव कळली नाही?"

"कळली की."

"मग?"

"तू केला होतास ना..."

"आणि हा हो? हा त्या चहासारखा नाही कशावरून?" त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तू सगळ्यांना हो म्हणतेस, परीक्षा. मला भीती वाटते. उद्या दुसऱ्या कुणी विचारलं तर त्यालाही..."

मी उठले. पर्स घेतली. पाऊस चालू होता तरी जिना उतरले. कानशिलात मारावी तसं ते वाक्य बसलं होतं. राग त्याचा आला, पण रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो कळून चुकलं की तो खोटं काहीच बोलला नव्हता. 'तसं नाही, माझा हो खरा आहे,' एवढं म्हणायलासुद्धा मला त्याला नाहीच म्हणावं लागलं असतं. आणि ते मला येत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांबरोबर दुकानात मुदत संपलेली औषधं वेगळी काढत होते. गिऱ्हाईक नव्हतं. बाबा स्टुलावर बसून गुडघा चोळत होते. पाटी रंगवणाऱ्याचा फोन आला. बाबांनी फोन माझ्याकडे दिला. "नाव कसं लिहायचं ते तूच सांग त्याला."

माझ्या पुस्तकात एक अर्ज महिनाभर घडी घालून ठेवलेला होता. दुसऱ्या शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात दोन वर्षांचं शिक्षण. इवल्या बाळांना वजनानुसार औषध किती द्यायचं, मोठ्यांची गोळी त्यांच्यासाठी पातळ कशी करायची, हे तिथे शिकवतात. मला तेच हवं होतं. अर्ज भरला होता, पाठवला नव्हता. आणखी चार दिवस राहिले होते.

"पाटी थांबवा," मी फोनवर म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. फोन ठेवला. "बाबा, मला दुकानात नाही यायचं."

बाबांचा हात गुडघ्यावर थांबला.

मी पुढचं सगळं एका दमात सांगितलं. रुग्णालय, दोन वर्षं, चार दिवस. सांगून झालं तेव्हा हातातली गोळ्यांची पट्टी पार चुरगळली होती. आता ते ओरडतील, किंवा काहीच बोलणार नाहीत. दोन्हीची तयारी केली होती.

बाबा म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अगं..." त्यांनी चष्मा काढला. "शेजारचा भांडीवाला चार वर्षं दुकान मागतोय. चार वर्षं मी त्याला परत पाठवतोय. का, तर लेकीला दुकानाची आवड आहे. शाळेतून आल्यावर तू इथेच बसायचीस ना."

"तुम्ही सांगितलं होतं, इथे बस म्हणून."

"तेव्हा घरी कुणी नसायचं म्हणून."

चार वर्षं. त्यांचे गुडघे माझ्यासाठी उभे होते आणि मी त्यांच्यासाठी. मला वाटायचं, माझ्या आज्ञाधारकपणाचा निदान कुणाला तरी उपयोग होतोय. खाली बसायला दुसरं स्टूल नव्हतं, म्हणून मी काउंटरलाच टेकले.

"दुकान दिलं तर तुम्ही काय कराल, बाबा?"

त्यांनी चष्मा काउंटरवर ठेवला. "दुपारी झोपेन," ते म्हणाले. "तीस वर्षांत दुपारी झोपलो नाही गं मी."

अर्ज त्यांनीच पाकिटात घातला. मग मान फिरवून म्हणाले, "जरा ते डोळ्यांचे थेंब दे इकडे." डोळे चांगले ठणठणीत होते त्यांचे.

*

मंगळवारी मी गेले. गोष्टवाला माझ्याकडे बघायचं टाळत होता. "परीक्षा" अशी हाकही आली नाही. शेवटचा प्रसंग त्याने बदलला होता. कागद माझ्या हातात दिला आणि काचेमागे गेला.

आता त्यात एक नावाडी आला होता. पाणी दारापर्यंत येतं, नावाडी हात पुढे करतो आणि मुलगी म्हणते, "मला घेऊन चल." मग तो तिला ओढून नावेत घेतो. माझा अवघड 'नाही' त्याने काढूनच टाकला होता. माझी सोय केली होती.

ताईने बोट वर केलं. सुरू.

मी कागद खाली ठेवला. "हे मी बोलणार नाही."

ताईचं बोट तसंच वर राहिलं. काचेमागे तो उभा राहिला.

"काय झालं?" स्पीकरमधून आला त्याचा आवाज.

"हे चूक आहे. इतक्या खोल्या फिरवून तिला एवढी मोठी केली ना? आणि शेवटी ओढून न्यायचं? मग बाईंनी सांगितलं म्हणून थांबली होती, आता नावाडी म्हणतो म्हणून निघाली. काय वाढली ती?"

"परवा गेम पोचवायचा आहे," तो म्हणाला. आवाज चढला होता. "तीन शेवट लिहिलेत मी. तुला बोलता येईल असा हा एकच आहे."

"मला काय बोलता येतं ते मी ठरवेन."

मी हे म्हणाले? हो, मीच. आणि या वेळी मान बरोबर हलत होती. तो चिडला होता, अगदी कानांपर्यंत. मग त्याने पेन्सिल काढली, काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि ती माझ्यासमोर धरली.

"लिही मग."

मला लिहिता येत नाही. पण ती मुलगी काय करेल, ते मला ठाऊक होतं. कागदाच्या पाठीवर सहा ओळी खरडल्या आणि मायक्रोफोनसमोर उभी राहिले. ती हजेरीचं पुस्तक उघडते. एकेक क्रमांक पुकारते. कुणी नाही, कुणी नाही. सगळा वर्ग संपतो. आणि मग ती असा एक क्रमांक पुकारते, जो तिने आजवर कधीच पुकारला नव्हता, कारण हजेरी घेणारा स्वतःला पुकारत नाही.

"क्रमांक सदतीस."

मी थांबले. वर्गाच्या दारातून कुणीतरी बाहेर जातंय, असं डोळ्यांसमोर दिसलं. कोपरं मोकळी सोडून चालत.

"...गैरहजर."

एकदाच. पुन्हा घ्यावं लागलं नाही. ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. काचेमागे तो डोक्याला हात लावून बसला होता.

मी पर्स घेऊन निघाले. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्याने गाठलं.

"तुझं बरोबर होतं. मी तीन महिने तिला दाराबाहेर काढायला धडपडतोय आणि..." तो थांबला. "परीक्षा, मी त्या दिवशी वाईट बोललो."

"खरं बोललास. वाईटही बोललास."

"तुला पुन्हा विचारायचं होतं. पण आता जास्तच भीती वाटते."

"आता कसली?"

"आता तू नाही म्हणू शकतेस."

"शकते," मी म्हणाले. "आणि मी दोन वर्षं दुसऱ्या शहरात शिकायला जाणार आहे. तेही ऐकून ठेव."

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. बाबांना सांगितल्यावर त्यांचा उडाला नव्हता, एवढा. "दोन वर्षं?"

"दोन. आता विचार."

या वेळी पाऊस नव्हता, ओरडावं लागणार नव्हतं. "तुला मी आवडतो का? तुझ्या त्या दोन वर्षांसकट, माझ्या मिठाच्या चहासकट... आपण बरोबर राहू या का?"

मी जिना उतरायला लागले. तो मागोमाग, एक पायरी अंतर ठेवून. मी खरोखर विचार करत होते. त्याच्या चिडण्याचा विचार केला, आणि चिडूनही पुढे केलेल्या पेन्सिलीचा. दोन वर्षांतल्या एकट्या रविवारांचा केला. नाही म्हटलं तर काय होईल, तेही बघितलं. काही आभाळ कोसळणार नव्हतं. त्याने वाईट वाटून घेतलं असतं, मी गाडीत बसून गेले असते. आजवर मला कुणी असा मोकळा रस्ता दाखवला नव्हता, आणि त्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं तरी मला वळून यावंसं वाटत होतं ते त्याच्याचकडे.

लॉन्ड्रीच्या दारात इस्त्रीची वाफ अंगावर आली. मी वळले.

"हो," मी म्हणाले.

तो मटकन पायरीवर बसला. लॉन्ड्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला आणि विचारू लागला, यांना पाणी आणू का. मी म्हटलं, नको, जरा वेळ बसू दे. आणि मीही त्याच्याजवळ टेकले.